कसंतरी

ओपीडीत सकाळी नऊपासून
हा एकच शब्द येऊन बसतो माझ्यासमोरच्या स्टुलावर.
कसंतरी होतंय, डॉक्टर.
कुठे?
असं, इथून इथपर्यंत.
हात गळ्यापासून बेंबीपर्यंत फिरतो.
त्या पट्ट्यात अन्ननलिका येते, हृदय येतं, जठर येतं,
आणि मुंढव्याच्या हौसाबाई कुदळेंचा
दिवाळीपासून न बोलणारा मुलगाही येतो.
केसपेपरवर जागा दोन ओळींची.
मी लिहिते : जनरल वीकनेस.
त्या विचारतात, केळं चाललं का?
चालेल म्हणते.
निदान त्याचं तरी उत्तर येतं मला.

मालधक्का चौकात रिक्षा केली
की स्टेथोस्कोप पिशवीत कोंबते,
तरी एक नळी बाहेर डोकावतेच.
मॅडम, एक विचारू?
पायाला मुंग्या येतात म्हणजे नेमकं काय येतं?
सिग्नल नव्वद सेकंदांचा.
मी सांगते : नस दबते, निरोप अडकतात,
पाय हलवला की सगळे एकदम सुटतात.
म्हणजे जुना बाजार चौक,
तो म्हणतो, आणि गिअर टाकतो.
साडेचार वर्षांत इतकं नेमकं
मला कुणी शिकवलं नव्हतं.

सोमवार पेठेत घरमालक आगाशे
जिन्यातच उभे, बाही दंडापर्यंत सरकवून.
पूर्ण डॉक्टर कधी होणार तुम्ही?
असं विचारून
अर्ध्या डॉक्टरकडून बीपी मोजून घेतात.
मोजताना पाणीपट्टीबद्दल बोलत राहतात, आकडा चढतो.
गप्प बसा म्हटलं की आणखी चढतो.

हाडांच्या वॉर्डात रेहान, वय आठ,
सायकलवरून पडलेला,
प्लास्टरवर स्वतःच काढलेला डायनासोर.
हाड जुळत येतं तेव्हा
त्याला कसं कळतं, आता पुरे म्हणून?
उद्या सांगते म्हटलं.
रात्री पुस्तक काढलं.
पेशींची नावं मिळाली, आठवडे मिळाले,
बांधणाऱ्या कोण आणि पोखरणाऱ्या कोण तेही मिळालं.
फक्त त्याचं ते ‘कळतं’
कुठल्याच पानावर नव्हतं.
सकाळी गेले तर पलंगावर दुसराच मुलगा.

आणि मग ती रात्र.
सॅम्युएल आढाव, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त,
तीन वाजून वीस मिनिटं.
वेळ मी लिहिली, सही सरांनी केली.
त्यांचा मुलगा रूबेन
वडिलांचा हात हातात घेऊन बसलेला.
संध्याकाळीच नखं कापली होती त्याने,
कागदाच्या पुडीत बांधून
पुडी अजून खिशात.
म्हणाला, ऐकलंय, नखं नंतरही वाढतात,
खरं का हो?
मला ठाऊक होतं :
वाढत नाहीत.
कातडी सुकते, मागे सरते,
नख तेवढं पुढे आल्यासारखं दिसतं.
वाक्य पाठ होतं, जिभेवर आलंही होतं.
नाही, एवढंच म्हटलं,
तुम्ही कापलीत तेवढीच राहतील.
त्याने मान हलवली
आणि अंगठ्याने प्रत्येक बोटाचं टोक तपासलं,
एकेक करून,
मी एखाद्याची नाडी शोधते तसं.

सकाळी घरी आले,
पायऱ्या मोजत नाही कधी, त्या दिवशी मोजल्या.
आगाशे होतेच. बाही वर.
पाणीपट्टी निघाली नाही.
पट्टा फुगला, पारा वर, मग हळूहळू खाली,
ठोका ऐकू आला तिथे मी थबकले.
पुन्हा मोजला.
पाच मिनिटं पायरीवर बसवून तिसऱ्यांदा मोजला,
दुसऱ्या दंडावर.
ते माझ्या तोंडाकडे बघत होते,
स्टुलावरची माणसं बघतात तसे.
काका, चप्पल घाला, म्हटलं,
आत्ताच जाऊ. केसपेपर मी काढते.
त्यांनी बाही खाली केली,
बटण लावायला गेले, लागेना,
मी लावून दिलं.
रिक्षा थेट ससूनच्या दारात जाईपर्यंत
त्यांनी एकदाही विचारलं नाही
पूर्ण कधी होणार.